विहिरीत पडलेली गोल किल्ली

अजूनही कुठे किल्ल्यांचा जुडगा वाजला की ती एक गोल तोंडाची किल्ली माझ्या डोळ्यांपुढे येते. पोलीस खात्यात याहून मोठे गुन्हे पाहिले. पण लिहायला बसलो तर आधी हाच सुचला. बारावीनंतर शिपाई म्हणून भरती झालो आणि निवृत्तीनंतर बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. लिहिण्याची सवय फक्त स्टेशन डायरीची, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. नावं कोणाचीच लिहिणार नाही.

तेव्हा मी राळेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होतो. एका तांड्याजवळच्या मोबाईल टॉवरच्या कॅबिनेटमधून बॅटऱ्या गेल्याची तक्रार घेऊन कंपनीचा टेक्निशियन आला. पंचनाम्याला गेलो. दाराला ओरखडा नाही, कुलूप शाबूत. आत रिकामे कप्पे आणि लोंबणाऱ्या वायरी. कुलूप नेहमीचं नव्हतं. त्याची किल्ली नळीसारखी पोकळ, तोंडाशी गोल, कडेला बारीक खाचा. अशी किल्ली मी पहिल्यांदाच हातात घेतली.

"अशा दोनच आहेत," टेक्निशियन म्हणाला. "एक माझ्याकडे, एक चौकीदाराकडे."

चौकीदार तांड्यातलाच, पन्नाशीचा. जन्मभर मजुरी केलेल्या त्या माणसाला टॉवर उभा राहिल्यावर पहिल्यांदा कायमचं काम मिळालं होतं. त्यानं मुकाट्यानं किल्ली दाखवली. त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "कुठी काई गेलं की पह्यले आमच्याच तांड्यावर येता, साहेब." मी दोन्ही किल्ल्या ताब्यात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना टॉवरला डिझेल पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर ठाण्यात आला. माझ्या टेबलावर वाकून म्हणाला, "मायं नाव कुठी येऊ देऊ नका. चौकीदारानं राळेगावच्या बाजारात डुप्लिकेट किल्ली बनवली."

मी दोन्ही किल्ल्या शेजारी ठेवल्या. टेक्निशियनच्या किल्लीवर नंबर ठोकलेला होता, चौकीदाराची कोरी. केस मिटली असं मला वाटलं, हे आज कबूल करतो.

चौकीदाराला बोलावलं. आमच्या हवालदाराची जीभ तिखट. "काय बाप्पा, घरी किल्ल्यायचं झाड लावलं काय?" तो खाली पाहत राहिला. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस विचारलं नाही तेही सांगतो. हा बोलतच नव्हता. मी सहज फिर्याद पुन्हा वाचली आणि एका ओळीशी थांबलो. बॅटऱ्या गेल्याचा कंपनीला पहिला फोन चौकीदाराचाच होता.

"कॅबिनेट तू कायले उघडलं होतं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "नवी किल्ली लागते का नाई, ते पाह्याले."

मग सगळंच बाहेर आलं. पाणी शेंदायला वाकला असताना खिशातली किल्ली विहिरीत पडली होती. कंपनीला कळलं तर काम जाईल, म्हणून बाजाराच्या दिवशी टॉवर सोडून तो एसटीनं राळेगावला गेला आणि किल्ली बनवून आणली. किल्लीचं सांगावं तर टॉवर सोडून गेल्याचंही सांगावं लागणार, म्हणून गप्प होता.

"कुलूप उघडलं तवा इतकं बरं वाटलं, साहेब," तो म्हणाला. "अन् मंग आत पाह्यलं."

"किल्ली पडल्याचं कोणाला सांगितलं?"

"घरी बी नाई सांगतलं. फक्त त्या डिझेलवाल्या भावाले. त्यानंच तं चाचाचा पत्ता देल्ला. म्हणे, बाजाराच्याच दिवशी जाय, तवाच बसते तो."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी उठून टोपी घातली.

चाचा म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यात छत्री लावून बसणारा किल्लीवाला. कोरी किल्ली पाहताच म्हणाला, "ये मेरेच हाथ की हाय."

"नमुन्याशिवाय कशी बनवली?"

"नमुना घरचाच व्हता नं, साहेब. तुमी डायरी लिहिता, मी काय बिनाडायरीचा हाय?" त्यानं पेटीखालून वही काढली. वेगळ्या धाटणीची किल्ली आली की तिचं तोंड शाईत बुडवून तो पानावर उठवत असे. खाली खाचांची मापं, किल्लीवरचा नंबर आणि गिऱ्हाइकाची खूण. "अशी किल्ली हारपली का माणूस फिरून मायाकडेच येते. त्या बाप्पानं कुलपावरचा नंबर तळहातावर लिहून आणला व्हता. वहीत भेटला. धा मिनटात देल्ली बनवून."

त्या पानावर टेक्निशियनच्या किल्लीवरचाच नंबर होता. तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती, आणि खूण म्हणून डिझेलच्या गाडीचा क्रमांक.

"पहिली कोणी बनवून घेतली ते त्याला सांगितलं नाही?"

"त्यानं इचारलं नाई. अन् एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याले काहून सांगू?"

टेक्निशियनला बोलावलं. वही पाहून त्याची मान खाली गेली. कॅबिनेट पाहून यायची आपली खेप वाचावी म्हणून तो अधूनमधून ड्रायव्हरकडेच किल्ली देत असे, आणि तक्रारीत त्यानं तेवढंच लपवलं होतं. त्यालाही नोकरीचीच भीती. ड्रायव्हर आधी खूप बोलला. वहीचं पान पुढे ठेवल्यावर थांबला. चौकीदार बाजाराला गेला तेव्हाच काढलेल्या बॅटऱ्या त्याच्या शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली सापडल्या.

कंपनीनं तालुक्यातल्या सगळ्या कॅबिनेटची कुलपं बदलली. नवी किल्ली तिकोनी होती. पण ती चौकीदाराच्या हाती दिली नाही. कंपनीचा अधिकारी मला म्हणाला, "मूळ किल्ली विहिरीत पडली हे त्याचं म्हणणं. तुमच्याच कागदात 'पडल्याचे सांगतो' असं आहे. तिसऱ्याच कुणाला दिली असेल तर?" चोर तो नाही, हे मी तीन-तीनदा सांगितलं. अधिकारी म्हणाला, पाहू. चौकीदार टॉवरजवळ बसे, पण किल्लीविना.

उन्हाळ्यात एका दुपारी तो ठाण्यात आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. तांड्यातल्या लोकांनी विहिरीचा गाळ काढायला घेतला होता आणि प्रत्येक टोपली ओतल्यावर त्याची बायको बोटांनी चाळत होती. तिसऱ्या दिवशी सापडली. त्यानं रुमालाची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली. मी ती पाण्यानं धुतली. तोच नंबर लागलीच वाचता आला.

"तुमी कागद वाचून दाखवला तवा मले आयकू आलं व्हतं," तो म्हणाला. "किल्ली पडल्याचं मी 'सांगतो', असं लिहिलं व्हतं तुमी. आता सोताच्या डोळ्यानं पाहून लिहा."

मी दोन पंच बोलावले आणि पंचनामा केला. लिहिताना माझा हात नेहमीपेक्षा हळू चालत होता. चोरी झाली तेव्हा मी किल्ली कोणाकडे आहे ते विचारलं होतं. ती कोणाकोणाच्या हातातून गेली आणि खबर घेऊन आलेल्याला ती कुठून कळली, हे आधी विचारायला हवं होतं. पुढे सगळी नोकरी ते विचारत राहिलो.

पंचनाम्याची प्रत कंपनीकडे गेली. काही दिवसांनी त्या रस्त्यानं जाताना मी जीप थांबवली. चौकीदारानं सदऱ्यातून एक दोरा ओढून काढला. बायकोनं कवड्या आणि आरशाचे तुकडे लावून विणलेला दोरा, आणि त्याच्या टोकाला तिकोनी किल्ली.

"आता विहिरीत मी पडीन, साहेब," तो हसत म्हणाला, "पण ही नाई पडत."