बल्ब बंद केला ती संध्याकाळ

शिकवणीसाठी मी रेणापूरहून लातूरला आलो, तेव्हा माझ्या खोलीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे चाचा कोंबडीची पिल्लं वाढवायचे. भूकंपात त्यांच्या घरातली सगळी माणसं गेली, एवढंच मला ठाऊक होतं. नाव कधी विचारलं नाही. पिल्लांच्या उबेसाठी टांगलेला बल्ब ते रोज थोडा वर ओढायचे आणि वाकून, पिल्लं गारठून गोळा होतात का मोकळी फिरतात, ते बघत राहायचे.

एका संध्याकाळी त्यांनी बल्ब बंदच केला. पिल्लांनी एकच कालवा केला.

"लावा की, चाचा," मी म्हणालो.

"पंख फुटलेत आता. लावला तर सवय सुटायची न्हाई." त्यांचा हात मात्र बटणावरच होता. "भूकंपानंतर मी बहिणीकडं राहिलो. लई जपलं तिनं. निघताना पाय उचलंना."

हळूहळू पिल्लं एकमेकांना चिकटून बसली, आवाज निवला. चाचांनी बटणावरचा हात काढला, पण ते उठले नाहीत.

"खोलीवर कोण हाय तुज्या?"

"कोणी नाही."

"मग बस घडीभर," ते म्हणाले आणि पोतं सरकवून त्यांनी मला जागा करून दिली.