सर-मॅडम बाकावर बसतात तेव्हा

दर ट्रेनिंगनंतर आम्हाला रिपोर्ट द्यावा लागतो. किती शिक्षक आले, काय शिकवलं, उद्दिष्ट साध्य झालं का, सोबत फोटो दोन. त्या रिपोर्टात जे बसत नाही ते माझ्याकडे साठत जातं. आधी मी ते डायरीच्या मागच्या पानांवर लिहायचे. पानं संपली. आता चहाला कुणी भेटलं की सांगून टाकते, तेवढीच जागा रिकामी होते.

मी वाशीच्या एका शाळेत चौदा वर्षं मराठी शिकवलं. गेली काही वर्षं शिक्षकांनाच शिकवते. आधुनिक पद्धती, ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ कसा करायचा, वगैरे. आमचं केंद्र नेरूळला, शिरवण्याच्या बाजूला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली लोखंडी ग्रिल बनवायचं दुकान. त्यांचं मशीन सुरू झालं की मी बोलायची थांबते, बंद झालं की पुढचं वाक्य. जोडीला संदेश आहे. नेटवर्क, प्रोजेक्टर आणि शिक्षकांचे विसरलेले पासवर्ड तो सांभाळतो.

शिक्षक बाकावर बसला की पाच मिनिटांत विद्यार्थी होतो. मागचा बाक पकडतो, शेजाऱ्याला पेन मागतो आणि "मॅडम, सुट्टी किती वाजता?" असं विचारतो. हे मी धरूनच चालते. बाकीचं मात्र धरून चालता येत नाही.

*

पहिल्या तासाला ओळखीचा खेळ असतो. आपलं नाव सांगायचं आणि आपल्याबद्दलची एक अशी गोष्ट सांगायची, जी इथे कुणालाच माहीत नाही. वातावरण मोकळं होतं, असं आमच्या पुस्तिकेत लिहिलंय.

एका बॅचला एकाच शाळेचे वीस शिक्षक होते. त्यांचे मुख्याध्यापकही आले होते, "मी पण शिकायला बसतो" म्हणून. चांगला माणूस. पुढच्या रांगेत बसले.

कुणी म्हणालं, मी पोहण्यात बक्षीस मिळवलंय. कुणी म्हणालं, मला पालीची भीती वाटते. मग म्हात्रे सर उठले. हे इंग्रजीचे शिक्षक. बोलायला अतिशय शांत.

"माझं नाव म्हात्रे. आणि कुणालाच माहीत नसलेली गोष्ट म्हणजे मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी देणार आहे."

खालचं मशीनसुद्धा नेमकं तेव्हाच बंद झालं.

मुख्याध्यापकांनी मान वळवली नाही. वहीत काहीतरी लिहिलं. त्यांची पाळी आली तेव्हा उठून म्हणाले, "माझ्याबद्दल कुणालाच माहीत नसलेली गोष्ट म्हणजे सोमवारी मी रजेवर आहे."

म्हात्रे सर अजून त्याच शाळेत शिकवतात.

*

मुकादम मॅडम गणिताच्या. माहेर-सासर दोन्ही रायगडातलं, आता राहायला सीवूड्सला. सत्तावीस वर्षं शिकवतायत. वर्गात त्यांचा आवाज लागला की शेजारचा वर्गही गप्प बसतो, अशी ख्याती.

त्यांना घरून एक व्हिडिओ रेकॉर्ड करून आणायचा होता. विषय अपूर्णांकांची बेरीज. आम्ही सगळे मिळून तो बघत होतो. फळा स्वच्छ, आवाज खणखणीत, छेद समान करून झाला होता. आणि सहाव्या मिनिटाला मॅडम अचानक थांबल्या, कॅमेऱ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "सावंत, खाली बस!"

मग बेरीज पुढे चालू.

मी व्हिडिओ थांबवला. "मॅडम, रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत कोणी होतं?"

"कुणी नव्हतं. मिस्टर बाजारात गेलेले."

"मग सावंत?"

"सातवी ब. तिसरा बाक. बेरीज आली की हा उठतोच." त्यांना यात समजावण्यासारखं काही वाटलंच नाही. "समोर वर्ग असल्याशिवाय मला शिकवता येत नाही. मग मी वर्ग धरून शिकवलं."

मी म्हटलं, तेवढा भाग कापू या. संदेशनं कापायला घेतला, पण मॅडमनी तोपर्यंत व्हिडिओ मुलांच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा दिला होता!

दुसऱ्या दिवशी त्या ट्रेनिंगला आल्या त्या जरा गंभीर चेहऱ्यानंच. सकाळी सावंतच्या आईचा फोन आला होता.

"तक्रार केली का?" मी विचारलं.

"नाही. घाबरल्या होत्या. म्हणाल्या, 'मॅडम, तुमाला घरातलं दिसतं का? तो खरंच उभा होता.'"

*

पाठ टाचण म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवणार याचा आराखडा. आजकाल शिक्षक तो एआयकडून लिहून घेतात. त्याला आमची हरकत नाही, उलट तेही आम्हीच शिकवतो. फक्त वाचून द्या, एवढंच सांगतो.

एका सरांनी टाचण दिलं ते हातानं लिहिलेलं. निळ्या शाईत मजकूर, लाल शाईत मथळे, पट्टीनं आखलेला समास. अक्षर असं की फ्रेम करावं. मला भरून आलं. संदेशला म्हटलं, "बघ, अशी माणसं अजून आहेत."

वाचायला घेतलं. पहिली ओळ होती, लाल शाईत, खाली दोन रेघा मारलेली: 'नक्कीच! खाली तुमच्यासाठी पाठ टाचण दिले आहे.'

शेवटची ओळ, तितक्याच सुंदर अक्षरात: 'तुम्हाला आणखी काही मदत हवी असल्यास सांगा.'

मी खाली लिहिलं, 'हो, हवी आहे. कृपया भेटा.'

सर जेवणाच्या सुट्टीत आले. डबा बाजूला ठेवला, खुर्ची ओढली आणि अगदी मनापासून विचारलं, "बोला मॅडम, काय अडचण आहे?"

*

काळे सर विज्ञानाचे, शिंदे सर इतिहासाचे. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, समोरासमोरच्या टेबलांवर. अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण पंखा. काळे सरांना तो पाचवर लागायचा आणि शिंदे सरांना दोनवर. एक दिवस रेग्युलेटर तुटला, तो कुणी तोडला यावर बोलणं जे थांबलं ते थांबलंच.

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. ऑनलाइन ट्रेनिंग होतं. जोड्या कॉम्प्युटरनं लावल्या आणि त्या दोघांना एका खोलीत टाकलं. म्हणजे स्क्रीनवरच्या खोलीत. वीस मिनिटांत दोघांनी मिळून एक तास आखायचा होता.

त्यांच्याच शाळेच्या एक बाई मला खासगीत मेसेज करायला लागल्या. 'मॅडम जोडी बदला.' 'मॅडम लवकर.' मी धावत त्या खोलीत गेले.

दोघांचे कॅमेरे चालू. दोघांचे माइक बंद. दोघंही खाली बघतायत. बोलणं शून्य. पण बाजूच्या चॅटमध्ये ओळींवर ओळी पडत होत्या. वाफेचं इंजिन घ्यायचं ठरलं होतं. इंजिन कसं चालतं हे काळे सर सांगणार, त्यानं गिरणीतल्या माणसाचं काय झालं हे शिंदे सर. मध्येच काळे सरांनी लिहिलेलं, 'तुमचा मुद्दा आधी घेऊ. मुलं जागी राहतील.' त्याखाली शिंदे सरांनी अंगठा दिला होता.

मी आवाज न करता बाहेर आले. त्या बॅचमधला तो सगळ्यात चांगला तास झाला.

महिन्याभरानं त्यांच्या शाळेत पाहणीला गेले. स्टाफरूममध्ये दोघं समोरासमोर बसलेले, आपापल्या वहीत डोकं घालून. मी शिंदे सरांना हळूच विचारलं, "आता बोलता ना?"

"छे. बोलणं नाही." त्यांनी मोबाइल उचलून दाखवला. "पण चॅट चालू आहे."

मग त्यावर काहीतरी टाइप केलं. समोर काळे सरांचा मोबाइल वाजला. ते उठले, भिंतीवरच्या नव्या रेग्युलेटरपाशी गेले आणि पंखा तीनवर केला.

*

'फ्लिप्ड क्लासरूम' नावाची एक पद्धत आहे. मुलांनी धडा घरी बघून यायचा आणि वर्गात प्रश्न सोडवायचे. मी याचं मराठी 'उलटा वर्ग' असं केलं. चूक माझी.

पवार बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, नोकरी तळवलीकडच्या एका शाळेत. ट्रेनिंगमध्ये सगळं लिहून घेतात, शिंकलं तरी लिहितील. पण त्या दिवशी त्यांना अर्ध्या तासात जावं लागलं. आठवड्यानं मी त्यांच्या वर्गावर गेले तर सगळे बाक उलटे! शेवटची रांग फळ्यापाशी, पहिली रांग दाराशी.

"बाई, हे काय?"

"उलटा वर्ग! तुमीच सांगितलंय की. चार दिस झालं करून."

मुलांसमोर काय बोलणार? मी मागे जाऊन बसले. तास संपल्यावर खरी पद्धत सांगितली. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी चुकलंच माझं. पन एक इचारू? त्या श्रावणीला आता परत मागं बसवू का?"

श्रावणी म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. वर्षभर तिची वही कोरी. बाई तिला आळशी समजत होत्या, घरचे मंद समजत होते. बाक उलटे झाले, ती पुढे आली आणि पहिल्याच दिवशी फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं. तिला लांबचं दिसतच नव्हतं. चष्म्याचा नंबर निघाला तो साडेतीन.

मी रिपोर्टात लिहिलं: 'पद्धत समजलेली नाही. उद्दिष्ट साध्य.'

वरून फोन आला, की या दोन्ही गोष्टी एकत्र लिहिता येत नाहीत. मी पहिलं वाक्य खोडलं.

*

आता तांडेल सर.

करावे गावातले, भूगोल शिकवतात. आमच्या कोर्सच्या शेवटी प्रत्यक्ष ऑनलाइन तास घेऊन दाखवावा लागतो. सर त्यात दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा चौसष्ट स्लाइड केल्या आणि अकराव्या स्लाइडवर वेळ संपली. दुसऱ्यांदा कॅमेरा बघून त्यांना शब्दच सुचेना. तिसरी संधी शेवटची. सर्टिफिकेट नाही तर त्यांची बढती अडणार होती, आणि पन्नाशीच्या माणसाला तिसऱ्यांदा नापास झाल्याचं घरी सांगणं अवघड असतं. मला म्हणाले, "मॅडम, या टायमाला स्लाइड नाय. जमंल तसा घेतो."

शनिवारी सातवीचा ऑनलाइन तास असायचा, तोच ठरला. पुण्याहून आमच्या निरीक्षक देशपांडे मॅडम आल्या. कडक बाई, पण वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या. मी, त्या आणि संदेश केंद्रात स्क्रीनसमोर बसलो.

स्क्रीन सुरू झाला तर खाडी! सर चिखलात उभे, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शेजारी रोवलेला एक बांबू, त्याला गुडघ्याच्या उंचीवर लाल फडकं बांधलेलं. पाणी त्या फडक्यापासून बरंच खाली.

"मुलांनो, ही भरती हाय. अकरा वाजून दहा मिनिटांनी पानी या लाल फडक्याला लागंल. थांबंल. आनि मागं फिरंल. कोन म्हनतं असं होनार नाय, त्यानं चॅटमधी लिवा."

अडतीस मुलांपैकी एकवीस जणांनी लिहिलं, 'नाय होनार.'

देशपांडे मॅडमनी मोबाइलवर भरतीची वेळ काढली. "पूर्ण भरती दहा चाळीसला आहे. यांचं अर्ध्या तासानं चुकतंय." वहीत लिहिलं.

सरांनी भरती का येते, चंद्राचं काय, तिथी मोजून वेळ कशी काढतात, हे आठ-दहा मिनिटांत सांगितलं. शब्द कुठेही अडला नाही. दहा चाळीस झाले. पाणी फडक्याच्या वीतभर खाली होतं, आणि चढत होतं. एका मुलानं तोच प्रश्न विचारला, "सर, गूगलवर तर दहा चाळीस दाखवतंय!"

"ती मुंबईची वेल हाय, बाला. समुद्राची. पानी तिथनं वलून खारीत येतं. त्याला टाइम लागतो. तू शालेतनं घरी यायला घेतोस तसा."

देशपांडे मॅडमचं पेन थांबलं.

अकराला सर बोलायचे थांबले. दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. ऑनलाइन तासात दहा मिनिटं शांतता म्हणजे नेट गेलं असं आम्ही शिकवतो. संदेशनं दोनदा वायर तपासली. अडतीस मुलं स्क्रीनवर तशीच, एकही गेलं नाही.

"हे करतायत काय?" देशपांडे मॅडमनी हळूच विचारलं.

"वाट बघतायत."

अकरा दहाला फडक्याचं टोक भिजलं. अडतीस माइक एकदम चालू झाले आणि जो काय ओरडा झाला, त्यात खालचं मशीनही ऐकू येईना. देशपांडे मॅडमही काहीतरी ओरडल्या. काय ते मी विचारलं नाही. पाणी थांबलं, आणि थोड्या वेळानं फडक्याखाली ओल्या बांबूची बारीक रेघ दिसायला लागली.

मुलं गेल्यावर मॅडमनी माइक हातात घेतला. आवाज पुन्हा कडक. "सर, फॉर्ममध्ये संदर्भाचा रकाना रिकामा आहे. ही वेळ कुठल्या पुस्तकातून काढली?"

"पुस्तक नाय मॅडम. बापूस."

"म्हणजे वेबसाइट?"

"नाय, बापूस. माझा बाप."

"असं कसं? संदर्भ तपासता आला पाहिजे."

"तपासा ना. मोबाइल धरून तोच उभा हाय."

चित्र हललं, आकाश दिसलं, बांबू आडवा झाला, आणि मग स्क्रीनभर एक म्हातारा चेहरा आला. पांढरी दाढी, डोळे उन्हानं बारीक केलेले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही त्यांच्याकडे.

देशपांडे मॅडमनी फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "काका, पूर्ण नाव सांगा. सावकाश."