चंद्रावतीचा बर्फ

करंजा गावच्या चंद्रावतीशी मी मे महिन्यात आठ दिवस अबोला धरला होता. कारण ऐकलंत तर हसाल. बारा वर्षं ती आमच्या पनवेलच्या सोसायटीत मासळीची पाटी घेऊन येते, पण घरात कधी आली नव्हती. त्या दिवशी पाणी प्यायला आली आणि काचेच्या टाकीतला शेठ तिला दिसला.

शेठ म्हणजे आमचा ॲक्सोलॉटल. बेडकाचा लांबचा नातेवाईक, पण जन्मभर पाण्यातच राहणारा. रंगाने गुलाबी, पाय चार, मानेभोवती लाल झुपके. मोनाली, माझी मुलगी, जर्मनीला शिकायला जाताना बजावून गेली होती, "बाबा, पाणी गरम झालं तर शेठ वाचणार नाही." बायको गेल्यापासून घरात माझ्या सोबतीला तेवढाच एक जीव. आणि चंद्रावतीने विचारलं, "भाऊ, याचं कालवन करायचं का सुकं?"

माझं डोकंच फिरलं. "पाटी उचल आणि चालती हो," म्हणालो.

नवव्या दिवशी सकाळी वीज गेली. पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं. दुपारी एकपर्यंत शेठचे झुपके आक्रसले आणि तो लाकडाच्या ढलपीसारखा वर तरंगायला लागला. मी फ्रीजमधला बर्फ ओंजळीत घेऊन टाकीकडे धावलो, तोच उघड्या दारातून आवाज आला.

"तसा टाकू नका, भाऊ. जिती चिंबोरी पन एकदम गारठली का मरते."

चंद्रावती न विचारता आत आली. आपल्या पाटीतला बर्फ तिने पिशव्यांत घट्ट बांधला आणि एकेक पिशवी हळूच पाण्यात सोडली. गोणपाट भिजवून टाकीभोवती गुंडाळलं. मला पुठ्ठा देऊन वारा घालायला बसवलं.

"एवढा जीव हाय त्याच्यावर, तर आदी सांगायचा ना," ती म्हणाली. "मी कशाला कालवनाचा बोलले असते?"

चारला वीज आली. शेठ तळाशी जाऊन बसला होता. चिमट्यातलं गांडूळ पुढे करताच त्याने ते गपकन गिळलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

मग पाटीकडे लक्ष गेलं. बर्फाविना सरंगे, म्हणजे पापलेट, मऊ पडले होते. तीन तासांत तिने एकही विकला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सगळे मला दे," मी म्हणालो.

"नरमलेली मासली गिऱ्हाईकाला देत नाय मी." तिने पाटी डोक्यावर घेतली आणि दारात क्षणभर थांबली. "चाळीस वरसं बर्फ लावते, भाऊ, पन मेलेल्यालाच. आज पयल्यांदा जित्याला लावला."

हल्ली ती आली की आधी टाकीपाशी जाते. शेठ जेवला का विचारते आणि मगच पाटी उतरवते.