उजव्या खांद्यावरची पाकळी

कोणतीही वस्तू हातात आली की वयनी ती आधी उलटी करून बघायची. नारळ असो, भांडं असो, लग्नाची पत्रिका असो. बघून झालं की मान थोडी तिरकी करायची आणि म्हणायची, "माका काय तरी वेगळाच दिसता."

तिचं घर देवळासमोर, मधे फक्त पाणंद. आमचे हे देवळाचे गुरव, त्यामुळे माझा सगळा दिवस देवळात जातो आणि ओट्यावर बसलं की तिचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, दिसतं. मी तिला वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पाऊस आला तरी तो कोणी पाठवला हे ज्यांना कळायला हवं असतं.

बांगडे घेताना ती मासा हुंगायची आणि मग मासेवालीचा हातही हुंगायची. मासेवाली चिडायची.

"वयनी, हात विकूक नाय हाडलंय गो मी!"

"हात खरा सांगता. मासो गप रवता."

देवाला दिलेला नारळ फोडून यांनी अर्धा परत केला की ती दोन्ही भाग शेजारी धरायची. "मोठो भाग देवाक आणि बारको माका? खातलो कोण, देव की गुरव?" हे हसायचे आणि भाग बदलून द्यायचे.

कुंपणावरच्या अनंताची फुलं तिने मोजलेली असायची. "रोज दोन कमी होतत गो," ती माझ्याकडे बघत म्हणायची. मी मान खाली घालून वाती वळायची. ती दोन फुलं मीच घेत होते. देवाला घालत होते, पण घेत होते.

तिला एकच मुलगी. इंजिनियरिंगला होती, पूल बांधायचं शिकत होती. एके दिवशी ती कॉलेजातून बातमी घेऊन आली. पुढचं सत्र पुण्यात करायला मिळणार होतं. दिवसा एका कंपनीत पुलांचे नकाशे करायला शिकायचं आणि संध्याकाळी तिथल्या कॉलेजात तास. सहा महिने. इंटर्नशिप म्हणतात त्याला. तिच्या वर्गातून दोघांचीच निवड झाली होती, आणि आठवड्याच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

"काम करून घेतत आणि पगार नाय?" आई म्हणाली.

"आई, शिकवतत मां."

"फुकट शिकवतत? तेंचो फायदो काय? माका काय तरी वेगळाच दिसता."

इथवर सगळं नेहमीसारखं होतं. पण मग तिचे सासरे म्हणाले, "मुंबयक आपली चार माणसा आसत. पुण्याक कोण आसा? जावचा नाय." मुलीचा बाप ओरोसला कचेरीत कारकून. तो वडिलांपुढे बोलणारा नव्हता. शेवटी ठरलं की देवाला कौल लावायचा आणि देव सांगेल तसं करायचं. ही एवढी बोलणारी बाई त्या आठवड्यात एक शब्द बोलली नाही. मला तेच वेगळं दिसलं.

आमच्याकडे कौल असा लावतात. देवाच्या पाषाणाला पाणी घालून त्याच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि देवाला गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी अर्धा तास दोन्ही पडत नाहीत. माणसं श्वास धरून बघत बसतात.

त्या सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली. हातात खोबरेलाची बाटली. "समईत घालूक," म्हणाली. इतक्या वर्षांत तिने देवाला न मागता तेल आणलेलं मी पाहिलं नव्हतं. हे विहिरीवर पाणी आणायला गेले. मी पाकळ्यांचं ताम्हन आणायला मागे गेले. परत आले तेव्हा ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून मागे सरत होती आणि उजवा हात पदराला पुसत होती. बायका त्या उंबऱ्याच्या आत जात नाहीत.

"पाया पडलंय," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

घरची माणसं जमली. यांनी पाषाणाला पाणी घातलं, पाकळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, ह्या घराचा चेडू शिकूक परमुलखात जाऊक बघता..." गाऱ्हाणं अर्धंही झालं नव्हतं आणि उजवी पाकळी घसरून खाली आली. पडली नाही, घसरली. सासऱ्यांनी हात जोडले. मुलगी रडायलाच लागली. मी तिच्या आईकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. चोरी झालेल्या घरातल्या माणसासारखी ती उभी होती.

दुसऱ्या दिवशी देवाला आंघोळ घालताना यांनी मला हाक मारली. डाव्या खांद्यावर पाणी पसरत होतं. उजव्या खांद्यावर त्याचे मणी होऊन ओघळत होते.

"हयसर तेल कसला गो?"

"समई भरताना माझ्या हाताचा लागला असतला," मी म्हणाले. मी गाभाऱ्यात जात नाही हे यांना ठाऊक आहे. यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "रिठे कुटून दी." मी दिले. यांनी खांदा धुतला.

मी खोटं का बोलले याचा पुष्कळ विचार केला. खरं बोलले असते तर मुलीचं जाणं राहिलं असतं, यांची लाज गेली असती. आणि मी डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. नुसत्या संशयावर एका बाईचं नाव कसं घ्यायचं?

मुलगी पुण्याला गेली. रोज सकाळी तिची आई खळ्यात उभी राहून फोनवर बोलायची. ओट्यावर मला सगळं ऐकू यायचं.

"मागे कोण हसला?"

मुलगी काहीतरी सांगायची.

"मैत्रीण? तिका म्हणावा, परत एकदा हस." मग कान देऊन ऐकायची. "बरां. बाईच आसा."

दुसऱ्या दिवशी विचारायची, "तुझ्या नकाशावर पूल बांधलो आणि मोडलो, तर नाव कोणाचा येतला? तुझा की त्या सायबाचा? सही करू नको हां खंयच."

आम्ही हसायचो. पण एक गोष्ट मलाच दिसत होती. ती आता देवळाच्या पायऱ्या चढत नव्हती. सोमवारी यायची, खाली तुळशीजवळ उभी राहायची आणि मला हळूच विचारायची, "आज देव कसो आसा?"

"बरो आसा."

"रागावलेलो दिसणा नाय मां?"

देवाचा राग चेहऱ्यावर दिसत असता तर काय हवं होतं! मी म्हणायची, "नाय गो वयनी."

चौथ्या महिन्यात मुलीला ताप आला. तीन दिवस उतरेना. भर दुपारी वयनी अनवाणी धावत आली. हे घरी जेवायला गेले होते. ती पहिल्याच पायरीवर बसली.

"गो, आयशीन पाप केला तर देव चेडवाक धरता?"

"ज्याचा तो धरता," मी म्हणाले. "चेडवान काय केल्यान?"

ती म्हणाली, "कौलाच्या दुसऱ्या दिवशी देवाक रिठ्याचो वास येय होतो. मी खाली उभी होतंय, तरी माका इलो. तुका सगळा ठावक आसा."

मला बोलायला जमत नाही, आणि तेव्हा तर मुळीच जमलं नाही. तिने माझा हात धरला, आणि तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्या जगावर संशय घेणारी ती बाई आता माझ्या तोंडाला भीत होती.

ताप उतरला. सत्र संपलं. मुलगी वाळून आली, पण ताठ चालायला शिकून आली. परीक्षा झाली आणि त्याच कंपनीने तिला नोकरीला बोलावलं. सासरे म्हणाले, "मागच्या खेपेक देवान हो म्हटल्यान. आता परत इचारूया."

सगळे पुन्हा देवळात जमले. यांनी ताम्हन हातात घेतलं. इतक्या महिन्यांनी ती पायऱ्या चढून वर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कौल लावू नको. मागच्या खेपेक मी देवाच्या खांद्याक तेल लावलेलंय."

"देवाक फसवलंस?" सासऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"व्हय. चेडू हुशार आसा, आणि तुमी तिका सोडूचे नाय होतास. देवान डावो कौल दिल्यान असतो तर मी काय केलंय असतंय? आता जा काय आसा ता माका शिक्षा करा. तिका जाऊ दे."

मुलगी आईकडे बघत राहिली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

सासरे म्हणाले, "आजपासून ह्या देवळाची पायरी तुका बंद." मग त्यांनी विचारलं, "आणि आणखी कोणाक ठावक होता ह्या?"

मी खांबाआड होते. यांची नजर माझ्यावर होती. एक पाऊल पुढे टाकायचं होतं, एवढंच. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली.

"कोणाक नाय. मी एकटीच."

कोणीतरी म्हणालं, आता तरी खरा कौल लावा. यांनी ताम्हन खाली ठेवलं. "सहा म्हयने देवान चेडवाक सांभाळल्यान. आणखी काय इचारूचा?"

ती एकटीच पायऱ्या उतरून गेली.

मुलगी नोकरीला गेली, आणि वर्षभराने आईला कायमची घेऊन गेली. सासरे तोवर वारले होते, आणि मुलीच्या बापाने ओरोसला खोली घेतली. जायच्या सकाळी ती पाणंदीत उभी राहिली. तिला वर येता येत नव्हतं, म्हणून मी खाली उतरले. जे बोलायचं ते मी कितीदा मनात घोकलं होतं.

"येतंय गो," ती म्हणाली.

"ये," एवढंच माझ्या तोंडून आलं.

आता तिच्या खळ्यात फणसाच्या वाळल्या पानांचा पातेरा साचतो. सोमवारी देवाची आंघोळ झाली की मी पाणंद ओलांडून जाते आणि तो झाडून काढते. का झाडते ते गावात कोणी विचारत नाही. यांनीही अजून विचारलेलं नाही.