लाल गोंड्यांची टोपी

गुटाखच्या खोऱ्यात लग्नाआधी मुली लाल गोंड्यांची टोपी घालतात, लग्नानंतर काळ्या. चित्रकार योस्ट शहरातून इथं आला, सालोमेशी लग्न करून राहिला, पण पायाला भिंगरी ती भिंगरीच. एक चित्र वाळतंय न वाळतंय तोच ते घेऊन म्युनिकला पळायचा, परत आला की दुसरं सुरू. प्रत्येक चित्रात सालोमेच, कधी चुलीपाशी, कधी विहिरीवर, आणि डोक्यावर लाल गोंडे. शहरी गिऱ्हाइकांना काळे नको असत.

केस पिकले तरी तेच. एका सकाळी तो पुन्हा पेटी बांधू लागला, तशी सालोमे जुनी लाल टोपी घालून दारात जाऊन बसली.

“अगं, काढ ती. लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. चित्रांत तुम्ही मला जन्मभर कुमारीच ठेवलंत. घरात तरी नवरा कुठं दिसला मला?”