पूजेत गेलेला नोंदणी क्रमांक

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली आहेत आणि राममूर्ती राव पाच नंबरच्या टाइपरायटरची अक्षरं दात घासायच्या जुन्या ब्रशानं घासत बसले आहेत. शेजारी वाटीत रॉकेल, मांडीवर फाटक्या पंच्याचा तुकडा. चार मशीनं पुसून झाली, हे पाचवं, तीन राहिली.

आज आयुधपूजा. तंजावरात या दिवशी लेथ, रिक्षा, वजनकाटा, शिंप्याची कात्री, सगळ्यांना गंध लागतं. वह्या-पुस्तकं सरस्वतीपुढं जातात. एकदा पूजा झाली की उद्या विजयादशमीच्या सकाळी पुनःपूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. लिहायचं नाही, वाचायचं नाही. म्हणून आठही मशीनं अकराच्या आत लखलखीत व्हायला हवीत.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत हा टायपिंगचा वर्ग राममूर्तींच्या वडिलांनी १९७१ साली काढला. पाच मशीनं इंग्रजी, तीन तमिळ. राममूर्ती एकसष्ट वर्षांचे आहेत. घरात मराठी, गल्लीत तमिळ, अर्जात इंग्रजी, अशी त्यांची तीन भाषांची वाटणी आहे. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. आजोबांना येत होती, असं ते सांगतात.

टायपिंग शिकायला आता वर्षाला तीस-पस्तीस जण येतात. वर्गाचं खरं काम एका हिरव्या कापडी बांधणीच्या वहीत आहे. सरकारच्या रोजगार कार्यालयात बारावीनंतर नाव नोंदवायचं, एक कार्ड मिळतं. दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करायचं. जागा निघाली की ज्याची नोंद सगळ्यात जुनी, त्याला आधी बोलावणं. नूतनीकरण चुकलं की जुनेपण गेलं. माणूस रांगेच्या शेवटी. आसपासच्या चार गल्ल्यांतल्या ३१२ जणांचे क्रमांक आणि त्यांच्या मुदतीचे महिने राममूर्तींच्या वहीत आहेत. ज्याची मुदत आली त्याच्या दारात ते स्वतः जातात. याचे ते पैसे घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “चालणं होतं.”

वर्गाच्या भिंतीवर तमिळमध्ये टाइप केलेला एक तक्ता आहे. मंत्रिमंडळ बदललं की तो नव्यानं टाइप होतो. कोणतं गाऱ्हाणं कोणत्या मंत्र्याकडे न्यायचं, ते त्यात लिहिलेलं आहे. भागात मोठा कारखाना यावा, त्याला जमीन मिळावी, तर उद्योगमंत्री. काथ्याचा किंवा मसाल्याचा लहान धंदा काढायचा, सवलतीचं कर्ज हवं, तर लघुउद्योगांचे मंत्री. नाव नोंदलं आहे, नोकरी नाही, किंवा नोंदणीचीच भानगड झाली आहे, तर कामगार आणि रोजगार खातं.

“लोक सगळंच सगळ्यात मोठ्या मंत्र्याला लिहितात,” राममूर्ती म्हणतात. “तो वाचतो, हे आपलं नव्हे म्हणतो, दुसऱ्याकडे धाडतो. सहा महिने त्यातच जातात. मंत्र्याचा दोष नाही. पत्ता चुकला तर पोस्टमन काय करील?”

सहा दारं पलीकडे राहणारी संगीता हिचा अर्ज योग्य पत्त्यावर गेला होता. संगीता त्रेचाळीस वर्षांची आहे. टायपिंगच्या वरच्या परीक्षा तिनं याच वर्गात दिल्या, तमिळही आणि इंग्रजीही. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. नव्या बसस्टँडजवळच्या कापडाच्या दुकानात ती बिलं करते. तिची नोंदणी २१ जून १९९९ची. सात वेळा नूतनीकरण वेळेवर झालं. आठव्या वेळी, गेल्या वर्षी, तिचे वडील कृष्णस्वामी चार महिने इस्पितळात होते. राममूर्ती दोनदा आठवण करून आले, दोन्ही वेळा ती घरी नव्हती. वडील गेले, मुदतही गेली.

राममूर्तींनी तिचा अर्ज टाइप करून मंत्र्यांकडे पाठवला. या जुलैत सरकारनं आदेश काढला : ज्यांचं नूतनीकरण चुकलं त्यांना एक वेळची सवलत, तीन महिन्यांच्या आत करून घ्यावं, जुनी ज्येष्ठता कायम राहील.

“आमच्या अर्जानं झालं, असं नाही,” राममूर्ती म्हणतात. “असे हजारो गेले असतील. पण कोणीतरी ते वाचले आणि सही केली. हे लहान काम नव्हे.”

सवलत घेणारे वर्गाच्या वहीत चौघं होते. तिघांनी ऑगस्टमध्येच उरकून घेतलं. संगीताच्या आईनं, गंगाबाईंनी, वेगळं ठरवलं. मेलेली नोंद पुन्हा जिवंत करायची तर विजयादशमीला करावी. नव्या कामाला त्याहून चांगला दिवस नाही. वहीत मुदत २३ ऑक्टोबर लिहिलेली होती आणि विजयादशमी १२ला येत होती. राममूर्तींनीही मान डोलावली. संगीताचं कार्ड आयुधपूजेच्या दिवशी सरस्वतीपुढं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पूजेतून उचलून थेट कामाला लावायचं, असं ठरलं.

दुपारी सव्वाएकला राममूर्तींचा फोन वाजला. नित्या बोलत होती. ती या वर्गाची जुनी विद्यार्थिनी, ओरत्तनाडूला ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या केंद्रात असते.

“अण्णा, तुमच्याकडच्या सवलतवाल्यांचं झालं ना सगळं? संध्याकाळी पाचला बंद होतंय.”

“आज कुठं? तेवीसला.”

“आदेशाची तारीख अकरा जुलै आहे, अण्णा. तीन महिने आज भरतात. तुम्ही पेपरात आलं त्या दिवसापासून मोजलंत काय?”

राममूर्तींनी तेच केलं होतं. बातमी २३ जुलैच्या अंकात आली होती. छत्तीस वर्षं वही ठेवताना त्यांनी लोकांना एकच गोष्ट बजावली होती : कागदावरची तारीख बघा, कागद हातात पडला ती नव्हे.

आज सुट्टी, म्हणजे रोजगार कार्यालय बंद. टपाल बंद. उरलं संकेतस्थळ, आणि त्याला हवा नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख. क्रमांक तीन ठिकाणी होता. संगीताचं कार्ड तिच्या घरी पूजेत. हिरवी वही वर्गाच्या पूजेत, आठ मशीनांच्या मधोमध, वर झेंडूचं फूल. तिसरी नोंद वर्गाच्या संगणकात, आणि त्याच्या पडद्यावर राममूर्तींनीच साडेअकराला गंधाची तीन बोटं ओढली होती.

ते चपला न घालता निघाले आणि सहा दारं ओलांडून गंगाबाईंसमोर उभे राहिले. गंगाबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. त्या ओट्यावर बसून सुंडल, म्हणजे नवरात्रातले खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, शेजाऱ्यांसाठी द्रोणांत भरत होत्या.

“मावशी, चूक झाली. माझी.”

“आधी आंत ये, रामू. उन्हात उभं राहून चूक सांगूं नये.”

त्यांनी सांगितलं. संगीता आतल्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजायला वीस मिनिटं होती. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कार्यालयात कागदपत्रं सांभाळणाऱ्याची एक जागा निघणार होती. विधवांना वयात मिळणारी सूट धरली तर संगीता तिच्यात बसत होती, आणि नोंद १९९९ची राहिली तरच यादीत वर येत होती. आजची नोंद झाली असती तर उपयोग शून्य.

“मी उचलतों कार्ड,” राममूर्ती म्हणाले. “पाप माझ्या माथी.”

“पाप वाटून घ्यायला ते काय रेशनचा तांदूळ आहे?” गंगाबाई म्हणाल्या. “उद्या सात वीसला पुनःपूजा. तोंवर हात लावायचा नाही. साठ वर्षांत ह्या घरांत कोणी लावला नाही.”

“मावशी, पोरीचीं पंचवीस वर्षं जातील.”

“तें मला कळतं, बाबा. दुसरं कांही सुचव.”

संगीता तेव्हा पहिल्यांदा बोलली. “अण्णा, आपल्याला कार्ड पाहिजे, की नंबर पाहिजे?”

“नंबर.”

“मग तुमच्या रंजनाचा नंबर काय?”

रंजना ही राममूर्तींची धाकटी बहीण, आता कोइमतूरला. २१ जून १९९९ला दोघी एकत्रच रोजगार कार्यालयात गेल्या होत्या. रंजना पुढं, संगीता मागं. बहिणीचा क्रमांक राममूर्तींना पाठ होता. शेवटचे आकडे ६२१८. संगीताचा अर्थात ६२१९.

आता प्रश्न राहिला तो आकडे कशावर टाइप करायचे हा. राममूर्ती चाचरत म्हणाले की लिहिणं ते लिहिणंच, मग ते मशीनवर असो की फोनवर. गंगाबाईंनी द्रोण बाजूला ठेवला.

“फोनला तूं गंध लावलंस?”

“नाही.”

“मी लावलं?”

“नाही.”

“सकाळपासून ह्यावर कोइमतूरची तुझी भाची जांभया देतांना दाखवतोस सगळ्या गल्लीला. तेव्हा सरस्वती कोठें गेली होती? जें पूजेत बसलं नाही तें मोकळं आहे. काढा फोन.”

संगीतानं आपलाच फोन घेतला, त्यालाही गंध लागलं नव्हतं; बोटंही तिचीच. तिनं ६२१९ घातलं, जन्मतारीख घातली. गोल चक्र बराच वेळ फिरलं. मग लाल अक्षरं आली : माहिती जुळत नाही. खाली बारीक टीप होती, तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं चोवीस तास बंद.

राममूर्ती ओट्यावर बसले. रंजनाचा क्रमांक त्यांनी पुन्हा म्हणून पाहिला, त्यात शंका नव्हती. संगीताची जन्मतारीख आईसमोरच तपासून झाली. म्हणजे रंजना आणि संगीता यांच्यामध्ये कोणीतरी होतं. कोइमतूरला फोन लावला. रंजनाला एवढंच आठवत होतं की ती स्वतः पुढं होती आणि मागं वळून पाहिलं नव्हतं. संगीताला काहीच आठवेना.

आठवलं गंगाबाईंना.

“तूं त्या दिवशीं दोन वाजतां आलीस घरीं. रंजना साडेबाराला आली होती. मी विचारलं, इतका उशीर कां. तूं म्हणालीस, एक बाई लेकरू घेऊन उभी होती, लेकरू रडत होतं, तिला पुढं सोडलं. तेवढ्यांत खिडकी जेवणासाठी बंद झाली. मी तुला बोलले. म्हणाले, जगाला पुढं सोड आणि तूं मागं राहा.”

“हो,” संगीता म्हणाली. “ते आठवतं. बोललीस ते आठवतं.”

“एकच बाई?” राममूर्तींनी विचारलं.

“एक बाई, एक लेकरू. लेकराला नंबर देत नाहीत, रामू.”

तीन वाजून पाच मिनिटांनी संगीतानं ६२२० घातलं. चक्र फिरलं, थांबलं, पान कोरं झालं. तिनं पुन्हा घातलं नाही. राममूर्तींनी तिला थांबवलं, कारण कोरा गेलेला प्रयत्नही चुकीत मोजला गेला असेल तर एकच उरला होता. तिघं पडद्याकडे पाहत राहिली. शेजारच्या घरी कोणीतरी नारळ फोडला. मग पान उघडलं आणि त्यावर कृष्णस्वामींची मुलगी संगीता हे नाव होतं. पुढच्या पायऱ्यांना अर्धा तास लागला, कारण फोनवर येणारा सहा आकड्यांचा संकेत दोनदा उशिरा आला. तीन बेचाळीसला हिरवी ओळ आली. नूतनीकरण झालं. ज्येष्ठता २१ जून १९९९पासून.

त्या जागेची यादी नोव्हेंबरमध्ये लागेल. संगीताचं नाव तिच्यात असेलच असं कोणी सांगू शकत नाही. तिची रांगेतली जागा तिला परत मिळाली, इतकं नक्की.

राममूर्तींनी पुन्हा माफी मागितली. संगीतानं त्यांच्या हातात सुंडलचा द्रोण दिला.

“सात वेळा दारात येऊन सांगितलंत, अण्णा. आठव्या वेळी दोनदा आलात, मीच नव्हते. एवढ्या वेळा तर दुकानाचा मालक पगार द्यायलाही आला नाही.”

नंतर राममूर्ती एवढंच म्हणाले, “तिचीं पंचवीस वर्षं माझ्या एका तारखेवर टांगली होती. तिनं आवाज चढवला नाही. मी तें विसरणार नाही.” आणि थोड्या वेळानं : “मावशी त्या दिवशीं पोरीला ओरडली, तेंही बरं झालं.”

निघताना गंगाबाईंनी त्यांना थांबवलं. “रामू, मंत्र्याला गाऱ्हाणं पाठवतांना पत्ता ठाऊक होता. आतां काम झालं, तर आभाराला पत्ता नको?”

राममूर्तींनी विचार केला. छत्तीस वर्षांत त्यांनी मंत्र्यांना किती अर्ज टाइप केले याची मोजदाद नाही. आभाराचं पत्र एकही नाही. ते म्हणाले, आज लिहिता येणार नाही.

“मी आज कोठें म्हणत्ये? संगीता टाइप करील, मी सांगेन. लांब नको. सही केली म्हणून पोरीची जागा राहिली, एवढंच. आणि त्या बारक्या धंदेवाल्या मंत्र्याकडे जायला नको, हां. बरोबर मंत्र्याकडे.”

संध्याकाळी राममूर्तींनी तक्त्यावरचं नाव वाचलं नाही, कारण आज वाचायचं नाही. पण ते त्यांना पाठ आहे. गंगाबाईंकडून परतताना सहाही दारं ते ६२२० हा आकडा पुटपुटत आले; वहीत तो आहेच, तरी.

पत्र सोमवारी टपालात पडेल, कारण उद्या सुट्टी आहे आणि परवा रविवार. उद्या शनिवारी वर्गात सात वाजून वीस मिनिटांनी पुनःपूजा आहे. साडेसात ते आठ तीन नंबरचं तमिळ मशीन संगीतासाठी मोकळं ठेवलं आहे. आठला पहिली बॅच.