जवळचं वाचायचं कार्ड

काचताईच्या दुकानात एक नियम तिच्या आईपासून चालत आला होता: स्क्रू फुकट. चष्म्याची दांडी सैल झाली, नाकावरची गादी निखळली, स्क्रू कुठे पडला, तर आत यायचं, स्टुलावर बसायचं, दोन मिनिटांत काम करून घ्यायचं आणि जायचं. ओळखीचा असो, अनोळखी असो, कालच भांडून गेलेला असो. आई म्हणायची, "चष्मा नसलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही. जाताना कुणाला तरी धडकेल आणि नाव आपलं घेईल." आई गेली, दुकान ताईकडे आलं. रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, धाकट्या भावाने नळ-पाइपांचं दुकान टाकलं. भाऊ आता पन्नाशीचा, अंगाने दणकट, पण ताईच्या तोंडी तो अजून बारक्याच.

या स्क्रूनेच सगळा घोळ केला.

त्याआधी मोबाइलवर बाजाराचा एकच ग्रुप होता. पाणी कधी येणार, कुणाची किल्ली सापडली, कुणाच्या घरी कोण गेलं, एवढंच त्यावर असायचं. निवडणूक लागली आणि त्या ग्रुपचे दोन झाले. एकाचं नाव 'खरा बाजार', दुसऱ्याचं 'आपला बाजार'. वीस वर्षं शेजारी गल्ला लावून बसलेली माणसं एकमेकांशी तोंडाने बोलायची बंद झाली आणि अंगठ्याने भांडायला लागली. समोरासमोर आली की दोघंही मान खाली घालून मोबाइल काढत. ताई मूळच्या ग्रुपमध्ये होती, नव्या दोन्हींपैकी एकातही गेली नाही. "मला किल्ली सापडली तर मी दुकानाबाहेर टांगून ठेवीन," ती म्हणाली. बारक्या मात्र 'खरा बाजार'चा कर्ताधर्ता झाला. ग्रुपमध्ये कोण येणार आणि कोण जाणार हे तोच ठरवत असे.

एक दिवस 'आपला बाजार'वाल्यांच्या पक्षाचा उमेदवार हात जोडत, माणसांचा घोळका घेऊन बाजारातून निघाला. ताईच्या दारासमोर त्याच्या चष्म्याची दांडी निसटली. तो आत आला, स्टुलावर बसला. ताईने स्क्रू बसवला, कापडाने काच पुसली, चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. तो मत मागायला लागला तेव्हा म्हणाली, "मान हलवू नका, वाकडा बसेल." तेवढ्यात घोळक्यातल्या कुणीतरी फोटो काढला. फोटोत ताई वाकलेली, दोन्ही हात उमेदवाराच्या चेहऱ्याजवळ, आणि तो हसतोय. बघणाऱ्याला वाटावं, आरतीच चालली आहे.

संध्याकाळपर्यंत तो फोटो 'खरा बाजार'वर आला. खाली चार ओळी होत्या आणि त्या लिहिणारा बारक्या होता.

त्या ओळी ताईला बाजारातल्या घड्याळवाल्याच्या बायकोने दाखवल्या. ताईने दोनदा वाचल्या. बारक्याने त्याच दिवशी सकाळी नऊला, आपल्या दुकानाचं कुलूप उघडायच्या आधी, स्वतःचा स्क्रू तिच्याकडून घट्ट करून घेतला होता. फुकट. तोच बारक्या, ज्याला सातव्या वर्षी लांबचं दिसत नसल्याचं कुणालाच कळलं नव्हतं. भलत्याच बाईला आई समजून तो तिच्या मागे चार गल्ल्या गेला होता. तेरा वर्षांची ताई त्याला शोधून, हाताला धरून घरी घेऊन आली आणि आईला म्हणाली, "याला काही दिसत नाहीये गं." त्याचा पहिला चष्मा त्या दिवशी झाला.

ताई रडली नाही. तिला राग आला, आणि चांगलाच आला.

दुसऱ्या दिवशी 'आपला बाजार'वाले स्टिकर घेऊन हजर. "ताई, आता तुम्ही आमच्याच. हे काचेवर लावतो."

"माझ्या काचेतून आरपार दिसायला हवं. तिथे काही चिकटवायचं नाही."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या?"

"मी चष्म्यांची. निघा."

झालं. एका बाजूने टाकलं, दुसऱ्या बाजूने उचललं नाही. तीन आठवडे दारावरची घुंगरं वाजली नाहीत. लोक दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथवर जात. काचा पुरवणाऱ्या माणसाने फोन करून विचारलं, "बंद करताय का? तसं असेल तर माल पाठवत नाही." ताईने नेहमीपेक्षा दुप्पट काचा मागवल्या. तिला एकच हवं होतं: जे कुणी तिच्याबद्दल बोललं, त्याने ते तिच्या तोंडावर बोलावं. दुकान गेलं असतं तर तिने कुठेही काचा घासून पोट भरलं असतं. पण चाळीस वर्षं ज्यांच्या नाकावर चष्मा ठेवला त्यांनी पाठीमागे अंगठा हलवावा, हे तिला गिळता येत नव्हतं.

जवळचा नंबर काढायला प्रत्येक चष्म्याच्या दुकानात एक वाचायचं कार्ड असतं. पहिली ओळ ठळक, पुढची बारीक, शेवटची मुंगीएवढी. ताईचं कार्ड आईच्या काळचं, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं, एका माळ्याची आणि त्याच्या विहिरीची गोष्ट. ते कधीचंच बदलायला झालं होतं, कारण निम्म्या बाजाराला ते पाठ होतं. दिसत नसलं तरी लोक घडाघडा माळ्याची विहीर म्हणून दाखवत आणि चुकीचा नंबर घेऊन जात. ताईने माळी उतरवला. कोपऱ्यावरच्या छापखान्यात जाऊन बारक्याच्या चार ओळी नव्या कार्डावर छापून आणल्या, शब्दही न बदलता. सगळ्यात ठळक पहिली, सगळ्यात बारीक चौथी. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, ते सगळ्यांना माहीतच होतं.

आता तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईकच नाही तर कार्ड वाचणार कोण? पण बहिष्कार पाळायलाही डोळे लागतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला तो ग्रुप वाचायलाच चष्मा लागतो, आणि चष्मे फुटतात, हरवतात, अंगाखाली येतात. बाजारात काच घासून देणारं दुसरं दुकान नव्हतं. चौथ्या आठवड्यात घुंगरं वाजली. घड्याळवाला होता, बिनचष्म्याचा, स्वतःच्याच घड्याळांत वेळ न दिसणारा.

ताईने चाचणीची जड गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली, काचा सरकवल्या, हातात कार्ड दिलं. "मोठ्याने वाचा."

"बघा, कोणाचं स्वागत चाललंय," त्याने झोकात सुरुवात केली. "चष्म्याच्या दुकानात मोफत सेवा, पण... पण फक्त त्यांच्या माणसांना." इथे त्याने कार्ड खाली केलं. "ताई, हे..."

"पुढे. अजून नंबर लागला नाही."

त्याने वाचलं, कसंबसं, शेवटपर्यंत. मग फ्रेम नाकावर तशीच ठेवून म्हणाला, "एवढं सगळं लिहिलं होतं? मी नुसता फोटो बघितला आणि पुढे ढकलला."

"आता वाचलंत. परवा या, चष्मा तयार असेल."

बातमी बाजारभर झाली. काही जण रागावले, काही चोरून हसले, पण येत राहिले, कारण डोळ्यांपुढे कुणाचं काही चालत नाही. 'आपला बाजार'वाले आधी खूश झाले, कारण फजिती दुसऱ्यांची होती. मग त्यांच्यापैकी एकाला वाचावं लागलं. त्यानेही तो फोटो 'बघा, बाई आपल्याकडे आल्या' म्हणून पन्नास ठिकाणी पाठवला होता. त्याला वाचताना घाम फुटला.

शेवटी दोन्हीकडचे दोन म्होरके, कधी नव्हे ते जोडीने, दुकानात आले. "ताई, ते कार्ड काढा. बाजाराची शोभा होते."

"हे मी लिहिलेलं नाही," ताई काच घासत म्हणाली. "तुमच्या खिशात आहे, तेच माझ्या भिंतीवर आहे. खिशात चालतं, मग भिंतीवर का टोचतं?"

दोघं निघून गेले, आणि विशेष म्हणजे बाहेर पडल्यावर बराच वेळ एकमेकांशी बोलत उभे राहिले.

मग एका दुपारी बारक्याच्या दुकानात फळीवरून पाइपाचा तुकडा घसरला आणि त्याचा चष्मा फरशीवर पडून चुरा झाला. मायनस सहाचा माणूस तो. दोन दिवस मोबाइल नाकाला टेकवून वाचत होता आणि गिऱ्हाइकाने नळ मागितला की कोपराचा वाकडा पाइप देत होता. तिसऱ्या दिवशी त्याने रस्ता ओलांडला, तोही एका सायकलवाल्याच्या शिव्या खात. दुकानातल्या बाकावर औषधवाले आणि शिवणकामवाल्या वहिनी बसल्या होत्या. ते त्याला दिसले नाहीत.

"ताई, जुन्याच नंबरचा करून दे. घाई आहे."

"बसा," ताई म्हणाली. "नाव?"

"नाव काय विचारतेस?"

"वहीत लिहायचंय. नाव सांगा."

त्याने नाव सांगितलं. आवाज सात वर्षांच्या पोराचा निघाला.

"दोन वर्षं झाली तपासून. तपासल्याशिवाय मी काच घासत नाही. कुणालाच नाही."

"हो, वाढलाच असेल नंबर," तो घाईने म्हणाला. "हल्ली नीट दिसतच नाही मला."

ताईने फ्रेम चढवली, काचा घातल्या, खाली जवळची काच सरकवली आणि कार्ड हातात दिलं. बारक्याने पहिली ओळ बघितली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मोठ्याने."

त्याने पहिली वाचली. दुसरी वाचली. "दुकान कोणाच्या जोरावर चालतं ते आता कळलं," तिसरीही वाचली. मग थांबला.

"पुढचं दिसत नाही."

ताईने काच बदलली. "आता?"

"नाही."

तिने पुन्हा पहिली काच घातली. चाळीस वर्षं ती लोकांचे डोळे बघत होती. दिसत नसलं की माणूस डोळे बारीक करतो, कार्ड मागेपुढे करतो. बारक्याचे डोळे त्या ओळीवर रुतून बसले होते.

"दिसतंय. वाचा."

"ताई, काढ ना ते. मी तिकडून काढून टाकतो."

"निघेल तिकडून?"

कुठे कुठे गेलं होतं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मग इथूनही निघणार नाही. वाचा. शेवटच्या ओळीशिवाय नंबर पक्का होत नाही."

बारक्याने कार्ड दोन्ही हातांनी धरलं.

"आपल्या माणसांनी इथे पाऊल टाकू नये," तो म्हणाला. "आमचा या बाईशी... काही संबंध नाही."

त्याने कार्ड मांडीवर ठेवलं. फ्रेमच्या खालून पाणी ओघळून दाढीत गेलं. ताईने चाचणीची फ्रेम काढून घेतली, पुसली, पेटीत ठेवली आणि वहीत आकडा लिहिला.

"नंबर तोच आहे, बारक्या," ती म्हणाली. "वाढलेला नाही. लिहिलंस तेव्हाही तुला नीट दिसत होतं."

खालच्या खणातून तिने एक जुनी फ्रेम काढली, काचांसकट, त्याचीच, दहा वर्षांपूर्वीची, दांडीला दोरा बांधलेली. "परवापर्यंत ही घाल. सायकलखाली येशील." तिने स्वतःच्या हाताने ती त्याच्या नाकावर ठेवली, सैल वाटली म्हणून स्क्रू आवळला.

"कार्ड?" त्याने विचारलं.

"राहील. पुढे कोण आहे?"

बाकावरचे औषधवाले आवाज न करता उठले होते आणि दाराकडे सरकत होते. आता बारक्याला दिसत होतं. तो दारात आडवा उभा राहिला.

"बसा, काका," तो म्हणाला. "लिहिलंय मी. मी वाचलं, तुम्हीही वाचा."